तो किडा काय आत्ताच पैदा झाला का जी?

धरमपेठेत तर्री-पोहे खाता खाता एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, की आम्ही काही जण मिळून एका नव्या भुंगेऱ्यावर लेख लिहितोय. तेव्हापासून पोहेवाले भाऊ, शेजारचे काकाजी, कॉलेजातले पोट्टे, सगळ्यांचा एकच प्रश्न. "सर, तो किडा काय आत्ताच पैदा झाला का जी? नवीन म्हणजे काय नवीन?" पोहे थंड होतात म्हणून दर वेळी अर्धं उत्तर देऊन सुटतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून बसून लिहितो.

भुंगेरा जुनाच आहे. पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या सदाहरित जंगलात, कुजक्या पानांच्या थरात, तो माणूस यायच्या आधीपासून राहत असणार. कॅराबिडी नावाच्या मोठ्या कुळातला हा. या कुळाच्या सुमारे ४०,००० प्रजातींची नोंद झाली आहे. नागपूरकरांना यातला एक ओळखीचा असेल. पावसाळ्यात बाहेर पडणारा, काळ्या पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला तो दांडगा भुंगेरा. त्याला डिवचू नका, आम्ल उडवतो. आमचा मात्र जेमतेम ४ मिलिमीटरचा. तांदळाच्या दाण्याहून आखूड आणि चिंचोक्यासारखा तकतकीत.

तिकडचे मित्र वनखात्याची परवानगी काढून पाचोळा चाळतात आणि कापडी पिशवीत भरून टांगून ठेवतात. पाचोळा वाळू लागला की किडे ओलावा शोधत खाली सरकतात आणि तळाच्या अल्कोहोलमध्ये पडतात. त्यातले काही डबीत बसून माझ्याकडे येतात.

त्याचं पाठीवरचं कवच पहिल्यांदा उचललं तेव्हा खाली उडायचे पंख नव्हतेच. पंखांच्या जागी दोन चिंध्या. पाचोळ्यात ओल कायम, खाणं पायाशी, तिथे पंख पोसण्याचा खर्च कशाला करायचा? पिढ्यान् पिढ्या गेल्या आणि पंख आटले. पण मग डोंगर सोडून जाणंही संपलं. पश्चिम घाटाची रांग मध्येच तोडणारी पालघाटची खिंड सुमारे ३० किलोमीटर रुंद, सखल आणि उष्ण. ४ मिलिमीटरच्या पायी चालणाऱ्या जिवाला ती समुद्रासारखीच. अलीकडचे अलीकडे राहिले, पलीकडचे पलीकडे, आणि दोघांच्या तऱ्हा वेगळ्या होत गेल्या. म्हणून अशा जंगलात डोंगर बदलला की भुंगेराही बदललेला सापडू शकतो.

सापडू शकतो म्हणजे तो कुणीतरी आधी नोंदवलेला नाही, असं नव्हे. खरी मेहनत इथेच आहे. वनखात्यातल्या ॲण्ड्र्यूज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भारतातल्या या भुंगेऱ्यांवर दोन जाड खंड लिहिले, १९२९ आणि १९३५ साली. माणूस चिकाटीचा, त्याच्यापुढे हात जोडावेत असा. पण त्या काळची कित्येक वर्णनं म्हणजे लग्नाच्या स्थळाच्या जाहिरातीच. रंग तपकिरी, अंग चकचकीत, बांधा सडपातळ. यात शंभर जण बसतील. मग ज्या नमुन्यावरून ते वर्णन लिहिलं तो मूळ नमुनाच पाहावा लागतो, आणि असे कितीतरी नमुने लंडनच्या संग्रहालयात टाचण्यांवर आहेत. फोटो मागवा, वाट पाहा, आलेला फोटो नेमका नको त्या बाजूचा असतो, पुन्हा मागवा. आमचा भुंगेरा एका रात्रीत सापडला होता. तो आधी कुणाला सापडला नव्हता, याची खात्री करायला तीन वर्षं गेली.

शेवटचा निकाल बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियावर लागतो. हे सांगितलं की पोट्टे हसतात, हसू द्या. वरून जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन भुंगेरे तिथे साफ वेगळे निघतात. त्यासाठी वाळलेला भुंगेरा गरम पाण्यात मऊ करायचा, केसासारख्या टाचणीने तो अवयव मागून ओढून काढायचा, कॉस्टिक पोटॅशमध्ये मांस विरघळवायचं आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून बघायचं. लांबी मिलिमीटरहून कमी. आता हे काम मे महिन्यात नागपुरात करून बघा. पंखा लावला की भुंगेरा उडाला. कूलर लावला की तो उडतोच, वर खोलीतल्या ओलीने डब्यांत बुरशी धरते. म्हणून ४५ अंशांत दारं-खिडक्या बंद, कपाळाला पंचा. दुपारी बायको दार उघडून "अजून जिवंत आहात का?" विचारते, आणि दारातून आलेल्या झुळुकीने एक नमुना खरंच गेला. फरशीवर पालथं पडून तासभर शोधला. एक मुंगी सापडली.

एक नमुना पार्सलमध्ये मागचा पाय गमावून आला. पाय डबीतच होता, म्हणून मिटवलं.

आता नाव. ते मी सांगणार नाही, आणि हा भाव खाणं नाही. प्राण्यांच्या नामकरणाची नियमावली आहे, तिच्याप्रमाणे रीतसर वर्णनासह छापून आल्याशिवाय नावाला अर्थ नसतो. आधीच कुठे भलतीकडे छापलं तर पुढच्यांना निस्तरत बसावं लागतं. ज्या नमुन्यावर नाव टिकणार तो माझ्याकडेही राहणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तो सरकारने नेमलेल्या संग्रहात द्यायचा.

काकाजींना यातलं नावाचंच जास्त पडलं होतं. "स्वतःचंच ठेवून द्या नं!" म्हणाले. स्वतःचं नाव ठेवणं आमच्यात वाईट दिसतं, असं मी सांगितलं. मग दुसऱ्याचं चालतं का? चालतं. टेरी अर्विन या अमेरिकी अभ्यासकाने २००२ साली याच कुळातल्या एका भुंगेऱ्याला नटी केट विन्स्लेटचं नाव दिलं आहे.

काकाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मंग इतवारीचं द्या. तिथं माहं दुकान हाय."