रिपोर्टमध्ये एक कारण सापडलं, थकवा मात्र तसाच राहिला

माझ्या थकव्याचं पहिलं कारण लवकर सापडलं होतं: व्हिटॅमिन बी१२ कमी. इंजेक्शनं घेतली, तळपायांच्या मुंग्या गेल्या. थकवा तसाच राहिला. हे लिहितोय ते त्यासाठीच. रिपोर्टमध्ये एक आकडा कमी-जास्त दिसला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि शोध तिथेच थांबतो. थकव्याला एकाच वेळी दोन-तीन कारणं असू शकतात.

सकाळी उठतानाच डोकं जड. दुपारी बैठकीत डोळे मिटायचे, संध्याकाळी घरी कोणाशी बोलायचंही त्राण नसायचं. ओळखीतले पुरुष दोनच निदानं करायचे, ‘वय झालं’ किंवा ‘टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी असेल’.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), किडनी आणि लिव्हर अशा नेहमीच्या तपासण्या करवल्या. त्यांचं एक सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल आणि लोह कमी निघालं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नये. अल्सर, मूळव्याध किंवा आतड्यातली गाठ, कुठून तरी रक्त जातंय का ते शोधायलाच हवं. माझं हिमोग्लोबिन ठीक होतं, थायरॉइडही. चालू औषधांची यादी त्यांनी बघितली, कारण बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयासाठीची औषधं) आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही मरगळ येते. दारूबद्दल विचारलं. मन कशातून उडालंय का, हेही विचारलं. पुरुषांमध्ये नैराश्य बरेचदा थकवा आणि चिडचिड असंच दिसतं, म्हणून हा प्रश्न टाळू नये असं मला मनापासून वाटतं. माझी इच्छा शाबूत होती, अंग साथ देत नव्हतं.

टेस्टोस्टेरॉन मी हौसेने दुपारी तपासून घेतलं होतं. डॉक्टरांनी तो रिपोर्ट धरलाच नाही. ही तपासणी सकाळी लवकर करायची, आणि कमी निघाली तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा करायची. माझं दोन्ही सकाळी सीमेच्या जरा खाली आलं. इंजेक्शनचा विषय मीच काढला. ते म्हणाले, बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर शुक्राणू बनवणं कमी करतं, कधी थांबवतंच. शिवाय ते कमी का झालंय हे आधी बघू. मग त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही दमता की पेंगता?’’

शेजारी बसलेली बायको म्हणाली, ‘‘डॉक्टर, हे घोरताना मध्येच श्वास घ्यायचे थांबतात. मग दचकून मोठा श्वास घेतात.’’ झोपलेल्याला हे कळत नाही, त्यामुळे सोबत झोपणाऱ्या माणसाला तपासणीला नेणं किती गरजेचं आहे ते तेव्हा समजलं.

घरीच एका रात्रीची झोपेची तपासणी झाली. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा अगदी उथळ झाला की तो प्रसंग मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी ते ठीक, ३० आणि वर म्हणजे तीव्र. माझा आकडा तीव्र गटात होता. म्हणजे आठ तास अंथरुणात पडूनही झोप रात्रभर तुकड्या-तुकड्यांत होत होती. झोपेत श्वास असा थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, आणि पोटावरची चरबी, दोन्हींनी टेस्टोस्टेरॉन उतरू शकतं, हेही तेव्हा कळलं.

मास्कमधून दाबाने हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन सुरू झालं. सुरुवातीचे आठवडे जिवावर आले. मास्कमधून हवा गळायची, तोंडाला कोरड पडायची, मध्यरात्री मी तो ओढून काढायचो. नाकाचा मास्क बदलून नाक-तोंड झाकणारा घेतला, हवा ओलसर करणारं ह्युमिडिफायर जोडलं, तेव्हा जमलं. बरेच जण याच टप्प्यावर मशीन कपाटात ठेवून देतात. तसं करू नका, मास्क बदलून मागा.

आधी सकाळचं डोकं दुखणं गेलं, मग दुपारची पेंग. गाडी चालवताना डोळे जड होत नाहीत, याचं समाधान मला सगळ्यात जास्त आहे. संध्याकाळचा थकवा थोडा अजून आहे. त्यासाठी रोज चालतोय, वजन उतरवतोय. टेस्टोस्टेरॉनची तपासणी काही महिन्यांनी पुन्हा होईल, सकाळीच, आणि इंजेक्शनचं काय ते तेव्हाच ठरेल.