आधी पोचलो, तरी उशीर

दिल्ली-मुंबई, संध्याकाळ. आमचं विमान 18:10 चं, समोरच्या कंपनीचं 18:15 चं. दोन्ही एअरबस ए320. आमचं पुढे, त्यांचं मागे, अशीच दोघं मुंबईत उतरली. आमच्या चाकांना चोक (विमान उभं राहिल्यावर लावायचे ठोकळे) लागले 20:36 ला, त्यांच्या 20:41 ला. दुसऱ्या दिवशीच्या अहवालात आमचं विमान ‘उशिरा’, त्यांचं ‘वेळेवर’.

हिशेबात चूक नव्हती. या मार्गाला आम्ही 2 तास 10 मिनिटं दिली होती, त्यांनी 2 तास 20. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर आमच्या धंद्यात माफ असतो. त्यांना 6 मिनिटं उशीर, आम्हाला 16.

कंपनीचं वेळापत्रक मी आखते. ते 2:10 माझ्या शीटमधून गेलेलं.

तिकिटावरचा कालावधी हवेतला नसतो. दिल्लीत दारं बंद होऊन पार्किंग ब्रेक सुटला की विमान आपणहून वेळ कळवतं. मुंबईत बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, ब्रेक लागला की पुन्हा. मधला सगळा वेळ म्हणजे ब्लॉक. (चाकं टेकताच उठून डोक्यावरची बॅग ओढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.) दिल्लीत टर्मिनल 3 वरून लांबची धावपट्टी मिळाली तर टॅक्सीतच, म्हणजे जमिनीवरून तिथवर जाण्यातच, वीसेक मिनिटं जातात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि संध्याकाळी शहराबाहेर चकरा मारणं आलंच. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा दिल्लीहून खाली येताना तिरका समोरून लागतो. वैमानिकाने कितीही जोर लावला तरी एवढ्या अंतरात तीन-चार मिनिटं वाचतात, आणि इंधन जळतं ते वेगळंच.

म्हणून मी गेल्या वर्षीच्या त्याच हंगामातले, त्याच वेळेचे ब्लॉक काढते. सकाळी सहाचं उड्डाण आणि संध्याकाळी सहाचं एका रांगेत बसवायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मार खाऊन शिकले. मग लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायचे आणि रेघ मारायची. शंभरातली सत्तर उड्डाणं बसतील अशी रेघ 2:20 वर येत होती. निम्मीच बसतील अशी 2:10 वर.

सर म्हणाले, “तिकिटाच्या साइटवर लोक कमी वेळाचं आधी बघतात. आपण खाली जातो.” पुढे म्हणाले, “आणि दिवसातल्या सहा सेक्टरला, म्हणजे सहा फेऱ्यांना, दहा-दहा मिनिटं म्हणजे रोजचा एक तास विमान बसून.” दुसरं म्हणणं खरं होतं. पहिलंही असेल. दहा मिनिटांसाठी कंपनी बदलणारे लोक नंतर बेल्टपाशी अर्धा तास निमूट उभे असतात, पण ते सरांना सांगून काय उपयोग? मी रेघ खाली ओढली.

त्या उशिराच्या दिवशी मी नेमकी कंट्रोलमध्ये, उड्डाणांवर लक्ष ठेवणाऱ्या खोलीत, बसले होते. ते विमान सकाळपासून प्रत्येक सेक्टरला सात-आठ मिनिटं सांडत आलेलं. उतरल्यापासून पुन्हा सुटेपर्यंतच्या 35 मिनिटांच्या टर्नअराउंडमध्ये त्यातलं भरून काय निघणार? दिल्लीहून आल्यावर त्याच वैमानिकांना नागपूर करायचं होतं, आणि त्यांच्या ड्युटीच्या ठरलेल्या तासांत आता नागपूर बसेना. कॅप्टननी नाही म्हटलं. बरोबरच होतं त्यांचं. राखीव ठेवलेले स्टँडबाय कॅप्टन घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये. नागपूरचं विमान पावणेदोन तास उशिरा सुटलं. गेटवरची मुलगी फोनवर मला विचारत होती, “मॅडम, कारण काय सांगू?” मी म्हटलं, “ऑपरेशनल.” त्या मुलीने माझ्या वाटणीच्या शिव्या खाल्ल्या.

पुढच्या हंगामात मी 2:25 टाकलं. सर काही बोलले नाहीत. आता आम्ही बऱ्याचदा दहा मिनिटं आधी पोचतो, केबिनमध्ये तशी घोषणा होते, आणि मग बेवरचं आधीचं विमान हलेपर्यंत टॅक्सीवेवर थांबतो. आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी परवा लिफ्टमध्ये पाठ थोपटली: “तुमची कंपनी हल्ली फारच सुधारली हो!”

विमान तेच, वाट तीच. मी हसले फक्त.

काल सरांचा मेल आला. समोरच्यांनी 2:15 केलंय. शीट उघडून ठेवलंय, रेघ अजून हलवलेली नाही.