तुम्ही विचारलंत म्हणून: मानेत हवा शिरली कुठून?

"डॉक्टर, फुफ्फुस फाटलं का हो?" दम्याच्या मोठ्या अटॅकमध्ये पेशंटची मान फुगली की नातेवाईक हमखास हे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मान, कधी चेहराही सुजल्यासारखा दिसतो, आवाज बदलतो, गिळताना दुखतं. घरच्यांना वाटतं, औषधाची ॲलर्जी आली. मी गळ्याच्या हाडाच्या वर दोन बोटं ठेवून हलकेच दाबते. कातडीखाली चरचर लागते, थर्माकोलचे दाणे चिमटीत चुरडावेत तशी. साध्या सुजेत अशी चरचर लागत नाही. ही हवा असते.

ती फुफ्फुसातूनच आलेली असते. अटॅकमध्ये श्वासनलिका आवळतात, त्यांत चिकट कफ अडकतो. हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. वायुकोश, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, फुगत जातात आणि खोकल्याच्या एखाद्या उबळीत काहींची भिंत फुटते. सुटलेली हवा रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने सरकत छातीच्या मध्यभागी, हृदयाभोवती जमते आणि तिथून वर मानेत चढते. हा रस्ता मॅकलिन या संशोधक दांपत्याने १९४४ मध्ये उलगडून दाखवला.

ही हवा बहुतेक वेळा काढावी लागत नाही. विश्रांती, ऑक्सिजन आणि दम्यावरचे नेटाने उपचार एवढ्यावर ती काही दिवसांत आपोआप शोषली जाते.

मला धास्ती असते ती दुसऱ्या गळतीची. हवा फुफ्फुस आणि बरगड्यांच्या मधे शिरली, तर फुफ्फुस दबतं. एका बाजूला एकदम टोचून दुखतं, औषधं देऊनही दम वाढतच जातो, त्या बाजूचा श्वास स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येत नाही. दाब वाढून बीपी पडू लागलं तर एक्स-रेची वाट बघता येत नाही, लगेच सुई घालून हवा सोडावी लागते. म्हणून अटॅकमध्ये छातीत असं काही झालं, तर घरी पंपावर पंप मारत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

मागे एका मुलाची मान पाचव्या दिवशी उतरली. आईने दाबून पाहिली, चरचर नव्हती. "गेली हवा!" म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं. मग मी त्याचे इन्हेलर मागवून घेतले. तात्पुरता आराम देणारा पार रिकामा होता. रोज घ्यायचा स्टेरॉइडचा मात्र सीलबंद, महिन्यांपूर्वी लिहून दिलेला. तो तिथेच उघडून मी त्याला पहिला डोस माझ्यासमोर घ्यायला लावला.