टॉपशॅमच्या टीरूममध्ये एकटीने

माझी लेक इंग्लंडमध्ये, डेव्हन परगण्यातल्या एक्सेटरला नर्स आहे. यंदा मे महिन्यात जाऊन सहा आठवडे तिच्याकडे राहून आले. तिची ड्यूटी बारा-बारा तासांची. सकाळी निघताना दारातून रोज म्हणायची, "आई, घरात बसून कंटाळशील. टॉपशॅमला जा, टीरूममध्ये निवांत चहा पिऊन ये." मी दोन आठवडे टाळलं. इंग्रजीची अडचण नव्हती, बत्तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर गेली आहेत. पण एकटीने हॉटेलात जाऊन बसणं मी सांगलीतसुद्धा कधी केलेलं नाही. बाजारात कितीही दमले तरी चहा घरी येऊनच. सोबत कुणी असेल तरच हॉटेलची पायरी चढायची, अशीच सवय.

शिवाय आधीचा एक अनुभव मनात होता. पहिल्याच रविवारी लेकीने हौसेने एका मोठ्या हॉटेलात 'आफ्टरनून टी' बुक केला होता. शाकाहारी, अंडंही नको, असं आधी कळवलं होतं. तरी तीन मजली स्टँड आला तेव्हा खालच्या ताटलीत अंड्याचे सँडविच होते. सांगितल्यावर त्यांनी ते बदलून काकडीचे दिले, पण वरच्या मजल्यावरच्या सगळ्या केकमध्ये अंडं होतंच. लेकीचा चेहरा एवढासा झाला. मला पैशांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने मला फरक समजावून सांगितला. सँडविच, स्कोन (म्हणजे छोटा, गोल, भाजलेला पाव), केक अशा तीन मजल्यांचा तो आफ्टरनून टी. तो खालून वर खात जायचा. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसने ही पद्धत सुरू केली असं सांगतात. आपल्याकडे कॉन्फरन्सच्या पत्रिकेवर ज्याला 'हाय टी' म्हणतात, ते इथे मुळात कामगारांचं संध्याकाळचं भरपेट जेवण. आणि आपल्यासारख्यांना सोयीचा तो 'क्रीम टी': एक किटली चहा, दोन स्कोन, जॅम आणि क्लॉटेड क्रीम, बस्स. त्यात फक्त स्कोनची चौकशी करायची.

शेवटी एका बुधवारी निघालेच. एक्सेटर सेंट्रलहून एक्समथची गाडी पकडली, पाव तासात टॉपशॅम. एक्स नदी समुद्राला मिळण्याआधी पसरत जाते, तिथलं हे जुनं बंदर. पूर्वी इथून लोकरीचं कापड हॉलंडला जायचं. परतीच्या जहाजांत वजनाला डच विटा भरून आणायचे. त्या विटांची, गोलाईदार माथ्यांची घरं नदीकाठी अजून उभी आहेत. ती बघत दोनदा टीरूमवरून गेले आणि तिसऱ्यांदा आत शिरले.

दाराशी थांबायची पाटी होती, म्हणून थांबले. आत सात-आठ टेबलं, छताला काळपट लाकडी तुळया, प्रत्येक टेबलावर वेगळ्याच नक्षीचे कपबशा. वीसएक वर्षांची मुलगी आली. "किती जण?" मी म्हटलं, "एक." हा शब्द उच्चारायला मला जड गेला, हे खरं. तिने मात्र सरळ खिडकीजवळचं टेबल दिलं. खिडकीजवळ, कोपऱ्यात नाही. शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाची एक बाई एकटीच शब्दकोडं सोडवत होती.

अंडं न खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. 'मी व्हेजिटेरियन आहे' एवढं म्हणून भागत नाही, कारण तिकडे व्हेजिटेरियन लोक अंडं खातात. 'स्कोनमध्ये अंडं आहे का? वरून अंड्याचा हात फिरवलाय का?' असं दोन्ही स्पष्ट विचारायचं. संकोच करू नका. ॲलर्जीच्या १४ पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला देणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्या यादीत अंडं आहे. त्या मुलीने आतून फाइल आणून पान माझ्यासमोर धरलं. पिठात अंडं नव्हतं, वरून फक्त दूध लावलं होतं.

चहाच्या यादीत आसाम होता, तोच मागवला. आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव १८३९ साली झाला. तोच चहा आता लोकरी टोपडं घातलेल्या किटलीतून माझ्यासमोर येत होता. सोबत गाळणी, थंड दुधाचा छोटा जग आणि आणखी एक किटली, तिच्यात नुसतं गरम पाणी. हे पाणी कशाला, ते त्या मुलीला विचारलं. पत्ती किटलीतच राहते, त्यामुळे दुसऱ्या कपापर्यंत चहा कडक होतो. मग हे पाणी त्यात ओतायचं. आपल्यासारखा उकळलेला, आलं-वेलचीचा चहा हा नव्हे, तशी अपेक्षाच ठेवू नये. चार-पाच मिनिटं मुरू दिला की रंग तांबूस येतो आणि थोडंसं दूध घातलं तरी पत्तीची चव दबत नाही. मला आवडला.

आणि क्लॉटेड क्रीम! वाटीवरचा तो पिवळसर, किंचित सुरकुतलेला पापुद्रा पाहिला आणि मी ओळखलंच, ही साय! चाळीस वर्षं रोज सकाळी दुधावरून काढत आले, ती साय. तिकडे पसरट भांड्यात मलईचं दूध मंद आचेवर तासन् तास तापवतात, मग हळूहळू निवू देतात. वर जाड थर धरतो, तो काढून घेतात. निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो त्यात. आपण विरजण लावतो, घुसळतो, लोणी कढवतो, आणि तूप होईपर्यंत साय अशी ताटात येतच नाही. लहानपणी आजी पोळीवर साय-साखर द्यायची. पापुद्र्याखाली दाट, मऊ, किंचित खरपूस वास, अगदी तोच. पहिला घास घेतल्यावर मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

स्कोन सुरीने न कापता हातानेच मधून उघडायचा, ताजा असेल तर अलगद सुटतो. डेव्हनमध्ये आधी साय लावतात, लोण्यासारखी, आणि वर जॅम. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये नेमकं उलट, आणि दोन्हीकडचे लोक आपल्या पद्धतीवर ठाम. मला डेव्हनचं पटलं. स्कोन कोमट होता, साय त्यावर जराशी पाघळली आणि जॅम मधोमध बसला.

तासभर बसले, कुणी उठवलं नाही. परत आल्यावर टीरूमबद्दल मिळेल ते वाचलं. लंडनमध्ये एरेटेड ब्रेड कंपनी या पाव बनवणाऱ्या कंपनीने १८६४ साली पहिलं चहाचं दुकान काढलं. त्या काळी घरंदाज बाईने पुरुष सोबत नसताना बाहेर खाणं बरं दिसत नसे. चहाच्या दुकानात ते चालू लागलं. पुढे मताधिकार मागणाऱ्या बायकांच्या बैठकाही टीरूममध्ये होत. मला खिडकीचं टेबल इतक्या सहज मिळालं, त्यामागे एवढं सगळं होतं.

बिल काउंटरवर दिलं, नऊ पौंडांच्या आत. सर्व्हिस चार्ज लावलेला नव्हता, म्हणून एक पौंड टिप ठेवली. दुसरा स्कोन मी खाल्लाच नव्हता, तो आणि उरलेली साय बांधून मागितली. त्यांनी लगेच छोट्या डब्यात भरून दिली.

रात्री साडेआठला लेक आली. गणवेशही न बदलता ओट्याशी उभं राहून तिने स्कोन उघडला आणि जॅमची बाटली ओढली. मी तिचा हात धरला. "थांब, आधी साय."