आधी रॅम, मग फॉरमॅट : आमची वाटचाल

इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान म्हणजे निम्मं काम कापसाच्या धुरळ्याशी. यंत्रमागाच्या शेडला लागून ऑफिस, ऑफिसात दिवाणजी आणि दिवाणजींच्या टेबलाखाली सीपीयू. झाकण काढलं की फॅनवर कापसाचा थर. आम्ही सुरुवात केली तेव्हा विंडोज एक्सपीचा जमाना होता आणि मशीनला काहीही झालं तरी औषध एकच, फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. गिऱ्हाईक सीपीयू टेबलावर ठेवता ठेवताच सांगायचं, "फॉरमॅट मारून ठेवा, संध्याकाळी न्यायला येतो."

आमचं दुकान वेगळं पडलं ते इथेच. निळा स्क्रीन येतोय, मशीन आपोआप रीस्टार्ट होतंय, विंडोज टाकताना मध्येच फाइल कॉपी होत नाही म्हणतंय, असं काही आलं की आम्ही आधी मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावतो. विंडोजला हात नंतर. डिस्कवर जे काही लिहिलं जातं ते रॅममधून, म्हणजे मशीनच्या कामचलाऊ मेमरीतून, जातं. रॅमच खोटं बोलत असेल तर नवीन विंडोजही बिघडलेलंच बसणार आणि आठवड्यात गिऱ्हाईक पुन्हा दारात. त्याहून वाईट म्हणजे, फॉरमॅटच्या आधी घेतलेला बॅकअपही त्याच रॅममधून गेलेला असतो.

मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम क्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिला. पुढे त्याला फाटे फुटले. आज मेमटेस्ट८६ पासमार्क कंपनीकडे आहे आणि मेमटेस्ट८६+ हा वेगळा, पूर्ण फुकट आणि खुला. आम्ही दोन्ही ठेवतो, कारण पहिल्याची फुकट आवृत्ती चार फेऱ्यांनंतर थांबते. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करायचं, म्हणजे विंडोज आडवं येतच नाही आणि जवळजवळ सगळी मेमरी तपासायला मोकळी मिळते. प्रोग्रॅम ठरावीक नमुने लिहितो, परत वाचतो, मग उलटे करून लिहितो, पुन्हा वाचतो. एका चाचणीत तर नुसतं लिहून काही मिनिटं गप्प बसतो आणि मग लिहिलेलं टिकलंय का ते बघतो. विंडोजमध्ये व्हिस्टापासून स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक आहेच. गिऱ्हाईक फोनवर असेल तर स्टार्टमध्ये 'मेमरी' टाइप करायला सांगून आम्ही तेच लावायला लावतो. त्यात चूक निघाली तर नक्की काहीतरी आहे. नाही निघाली, तर मी अजून विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते जॅकार्डची (कापडात नक्षी विणणाऱ्या मागाची) डिझाइनं करणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या मशीनने. डिझाइनच्या फाइलमधला प्रत्येक ठिपका म्हणजे धागा वर ओढणारा हूक उचलायचा की नाही, एवढंच. कापडावर नक्षीच्या दर रिपीटला एकाच जागी नको तो धागा वर येत होता. जॉबरने (माग दुरुस्त करणाऱ्याने) हूक पाहिले, नक्षीची भोकं पाडलेली कार्डं पाहिली, माग बरोबर होता. मग फाइल मोठी करून पाहिली, तर बुट्टीच्या शेजारी डिझाइनरने न टाकलेला एक ठिपका. पुसून सेव्ह केलं, तर काही दिवसांनी दुसऱ्या डिझाइनमध्ये दुसरीकडे. सॉफ्टवेअरवाल्याशी भांडणं झाली. मशीन कधी अडकलं नव्हतं, निळा स्क्रीनही नव्हता, म्हणून रॅमकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. आमच्याकडे पहिली फेरी स्वच्छ गेली. रात्री कधीतरी चुकीच्या लाल ओळी आल्या, दरवेळी मेमरीतला तोच पत्ता, आणि अपेक्षित आकडा व वाचलेला आकडा यांत एकाच बिटाचा, म्हणजे एका शून्य-एकचा, फरक. एक बिट म्हणजे किती, तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये १ चा ९ व्हायला तेवढं पुरतं. हे सांगितल्यावर शेजारी बसलेल्या हिशोबनीसांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

चूक दिसली म्हणजे रॅमची पट्टीच खराब, असंही नाही. एकेक पट्टी काढून, स्लॉट (पट्टी बसवायची खाच) बदलून पुन्हा लावायची. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी गेली. स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड. हल्ली रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, एएमडीमध्ये २००३ पासून आणि इंटेलमध्ये २००८ पासून, त्यामुळे कधी कधी दोष तिकडेही निघतो. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची बायोसमधली सोय) लावून वेग वाढवलेला असेल तर तो आधी बंद करायचा. निम्मी गेमिंगवाली पोरं तिथेच बरी होतात.

आणि झाकण लावून तपासायचं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे वीज साठवणारा, पण गळणारा छोटासा कपॅसिटर. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पिढ्यांमध्ये तो दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. तापलं की गळती वाढते, म्हणून चिप ८५ अंशांच्या वर गेली तर ३२ मध्ये. उघड्या टेबलावर फॅनखाली पास झालेलं मशीन एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये नापास होतं, ते यामुळे.

या कामाचे पैसे मागणं हीच खरी अडचण होती. भारनियमनाच्या काळात रात्री लाइट गेली की चाचणी पहिल्यापासून, म्हणून दुकानाची पहिली मोठी खरेदी इन्व्हर्टरची. तो खर्च निघणार कुठून? हिशोब बायको बघते, तिनेच तपासणीची वेगळी पावती सुरू केली. एक शेठ चिडले, "वहिनी, नुसतं रात्रभर चालू ठेवलं, त्याचे कसले पैसे?" ती म्हणाली, "शेठ, माग रात्रभर चालतो त्याची मजुरी देताच की." दिले. लाल ओळींचा फोटो मोबाइलवर दाखवला की कोणी कुरकुरत नाही, शिवाय वॉरंटीत पट्टी बदलून घेतानाही तो उपयोगी पडतो. निकाल स्वच्छ आला की मात्र दाखवायला काहीच नसतं, तिथे अजूनही वाद होतो.

डीडीआर५ या त्यापुढच्या पिढीने कामात थोडी गुंतागुंत आणली. त्याच्या चिपच्या आतच एका बिटाची चूक दुरुस्त होते, पण चिप ते प्रोसेसर या वाटेवरची नाही. शिवाय नवीन पट्टी बसवल्यावर पहिल्यांदा डिस्प्ले यायला काही मिनिटं लागू शकतात आणि तेवढ्यात गिऱ्हाइकाचे तीन फोन येतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, वर्षअखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव चढले. आता लोक नवीन पट्टी घ्यायच्या आधी ड्रॉवरमधल्या जुन्या घेऊन येतात, काही सेकंडहँड घेतलेल्या. त्यांच्यासाठी आम्ही डीडीआर३ आणि डीडीआर४ चा एकेक बोर्ड कायमचा मांडून ठेवलाय. संध्याकाळी पट्टी द्यायची, सकाळी निकाल. पट्टी खराब निघाली तरी तपासणीचे पैसे द्यावे लागतील, हे बायकोने दारावरच्या पाटीवर लिहून टाकलंय.