तुम्ही विचारलंत म्हणून: रोबोला दीड महिना कशाला लागतो?

विद्यापीठाचा कुठलाही विभाग असो, प्रश्न हाच येतो. "एका स्क्रीनवरून उचलायचं, दुसऱ्या स्क्रीनवर टाकायचं. नव्या माणसाला हे काम अर्ध्या तासात जमतं. मग सॉफ्टवेअर रोबोला, म्हणजे माणसासारखे क्लिक करत स्क्रीनवर नोंदी भरणाऱ्या प्रोग्रॅमला, दीड महिना कशाला?" बैठकीत उत्तराला दोन वाक्यांची जागा मिळते आणि ती दोन वाक्यं कुणालाच पटत नाहीत. म्हणून आता सविस्तर.

क्लिक शिकवायला खरंच वेळ लागत नाही. असे रोबो बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप, विंडोज 11 सोबतच येतं. केलेले क्लिक टिपून घेणारा रेकॉर्डर लावायचा, एक नोंद हाताने भरायची, टप्पे तयार. दुपारपर्यंत प्रात्यक्षिक दाखवता येतं, आणि ते पाहून सगळ्यांना वाटतं की काम झालं. प्रात्यक्षिकातली नोंद निवडून घेतलेली, स्वच्छ असते. खऱ्या फायलीतल्या तशा नसतात.

रेकॉर्डर बटणाची ओळख, म्हणजे सिलेक्टर, बहुधा जागेवरून धरतो: तिसऱ्या ओळीतलं 'उघडा'. यादीत एक नाव वाढलं की तिसऱ्या ओळीत दुसराच विद्यार्थी असतो आणि रोबो त्याचं पान निमूटपणे उघडतो. म्हणून सिलेक्टरमध्ये ओळीच्या जागी नोंदणी क्रमांक बसवावा लागतो, प्रत्येक स्क्रीनवर, हाताने. 'पाच सेकंद थांब' काढून 'बटण सक्रिय होईपर्यंत थांब' लिहावं लागतं. रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे दूरचा संगणक दाखवणारी, खिडकी कुणी मिनिमाइझ केली, तर माउसवर आणि चित्र ओळखण्यावर चालणारे टप्पे अडतात. ही कामं कंटाळवाणी आहेत, पण अवघड नाहीत.

एक्सेलचा त्रास याहून मोठा. विषयाचा कोड 204ई5 असेल आणि त्यातला ई इंग्रजी असेल, तर सीएसव्ही (साध्या मजकुरात साठवलेल्या तक्त्याची) फाइल उघडताच एक्सेल त्याला घातांकातली संख्या समजतं आणि 20400000 करून ठेवतं. 004512 या बैठक क्रमांकाचा 4512 होतो. सोळा आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे पंधराच आकडे जपतं. अनुभवी लिपिकाच्या नजरेला हे लगेच खटकतं. रोबोला काहीच खटकत नाही. कॉलम 'टेक्स्ट' म्हणून वाचणं हा उपाय आहे, पण आधीच कुणी फाइल उघडून सेव्ह केली असेल तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. 'फाइल प्रणालीतून थेट द्या, मध्ये उघडू नका' हा आग्रह त्यासाठी असतो. त्याला अडवणूक म्हटलं जातं, ते मनाला लागतं.

आता ज्यात वेळ खरा जातो ते. बँकेकडून आलेल्या शुल्काच्या 400 नोंदी रात्री लेखा प्रणालीत चढवायच्या आहेत असं धरा. 212व्या नोंदीला रोबो 'जतन करा' दाबतो. त्याच वेळी सर्व्हरवर बॅकअप चालू असतो. रोबो तीस सेकंद वाट पाहतो, 'पावती तयार झाली' हा संदेश दिसत नाही, म्हणून तो नोंद फसली असं मानून पुन्हा भरतो. फसलेली नोंद पुन्हा भरण्याची सोय रोबोत असतेच आणि बहुतेक ठिकाणी ती चांगलीच असते. इथे मात्र पहिली नोंद सर्व्हरने घेतलेली होती, फक्त संदेश उशिरा येणार होता. दुसरीही बसते. लॉग, म्हणजे रोबोच्या कामाची आपोआप होणारी नोंद, सांगतो: दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी. सकाळचा अहवाल सांगतो: 400 पैकी 400.

विद्यार्थ्याच्या खात्यात जादा रक्कम दिसते आणि ती पुढच्या सत्राच्या शुल्कात वळती होते. थकबाकीच्या यादीत त्याचं नाव येत नाही. महिनाअखेर ताळमेळ घेताना पुस्तकातली बेरीज बँकेपेक्षा जास्त भरते. मग दुबार नोंदी शोधायच्या कशा? तीच तारीख, तीच रक्कम असं पाहिलं, तर एकाच दिवशी सारख्या रकमेचे दोन खरे हप्ते भरणारेही सापडतात. बँकेचा व्यवहार क्रमांक लावत एकेक पान उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि रोबो एखाद्या लिपिकाच्याच लॉगिनने चालत असेल तर सगळ्या नोंदींवर त्या लिपिकाचं नाव असतं, खुलासा त्याच्याकडे मागितला जातो. रोबोला स्वतंत्र लॉगिन हवं, त्याला फक्त लागणारेच अधिकार हवेत, यावर मी तडजोड करत नाही ती यामुळे.

हे टाळायचं तर नोंद भरण्याआधी व्यवहार क्रमांक प्रणालीत शोधायचा. 'जतन करा' दाबण्याआधी रोबोच्या कामांच्या रांगेत त्या नोंदीपुढे 'सुरू' आणि संदेश दिसल्यावर 'पूर्ण' असा शेरा ठेवायचा. शेरा 'सुरू'वर अडकला तर थेट पुन्हा भरायचं नाही, आधी शोधायचं. शोधही अडला तर नोंद माणसासाठी बाजूला. शेवटी संख्या आणि रक्कम दोन्ही बँकेच्या फायलीशी जुळवायच्या. मग चाचणी: ऐन जतन करताना नेटवर्क तोडून पाहायचं. खऱ्या प्रणालीवर असलं काही करता येत नाही, त्यासाठी प्रणालीची चाचणी-प्रत लागते. ती मिळवण्यातच दीड महिन्यातला मोठा भाग जातो.

उरलेला वेळ लिपिकाशी बोलण्यात जातो. रक्कम शुल्काशी जुळत नाही, एका नावाची दोन खाती आहेत, अशा नोंदी कितीदा भरल्या तरी सुटत नाहीत. "असं आलं की मी त्या विभागाला फोन करते," असं उत्तर मिळतं. तो फोन कुठल्याच कार्यपद्धतीत लिहिलेला नसतो.

पूर्वी मी म्हणायचे, रोबो ही तात्पुरती सोय आहे. दोन प्रणाली एपीआयने, म्हणजे स्क्रीनशिवाय थेट माहिती देण्याघेण्याच्या सोयीने, जोडल्या की काढून टाकू. आजही जोडणी हाच बरा मार्ग वाटतो. पण रोबो आला की त्रास दिसेनासा होतो आणि जोडणीची मागणी मागे पडते. मग स्क्रीन बदलली की दुरुस्ती, पासवर्डची मुदत संपली की दुरुस्ती. म्हणून रोबो नाकारावा का? पावतीसाठी आज थांबलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षीच्या एपीआयचा काय उपयोग! वर्षातून एकदाच येणाऱ्या साठ नोंदींसाठी मात्र मी स्पष्ट नाही म्हणते.

माणसं कमी होतील का, हेही विचारता. तास कमी होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. माणसाकडे उरतात त्या अडलेल्या नोंदी. त्या ओळखायची नजर साध्या नोंदी भरताभरताच तयार होते, आणि साध्या नोंदी आता रोबोकडे आहेत. नव्या लिपिकाने ती कुठे कमवायची, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पुढच्या वेळी रोबो हवा असेल तर स्क्रीन दाखवू नका. गेल्या महिन्यात अडलेल्या वीस नोंदी आणा, आणि त्या ज्याने सोडवल्या त्या लिपिकाला सोबत घेऊन या.