२६ तास ३१ मिनिटांचा बिघाड

गुरुवारी रात्री ८ वाजून २१ मिनिटांनी वाहिनीच्या नियंत्रण कक्षात ग्राहक सेवेतून फोन आला. "सर, मालिका अडकलीय म्हणतायत. नऊ फोन झाले आत्तापर्यंत."

समोरच्या भिंतीवर त्या वाहिनीची चार चित्रं लागलेली होती. प्लेआउटमधून, म्हणजे कार्यक्रम प्रक्षेपणाला सोडणाऱ्या यंत्रणेतून निघणारं, उपग्रहावरून परत येणारं, चित्र दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरचं आणि अ‍ॅपसाठी त्याचे छोटे तुकडे पाडणाऱ्या पॅकेजरमधून बाहेर पडणारं. चारही ठिकाणी मालिका व्यवस्थित चालू होती, आवाजाचे खांब हलत होते, एकही दिवा लाल नव्हता.

"केबलवाले आहेत का त्यात?"

"एकही नाही. सगळे स्मार्ट टीव्हीवर अ‍ॅप लावून बघणारे."

शिफ्टमधल्या ऑपरेटरने साताऱ्याला आईला फोन लावला. "अरे, ‘थोड्याच वेळात परत येत आहोत’ एवढंच दिसतंय कधीपासून," ती म्हणाली, आणि तिने फोन टीव्हीपाशी धरला. स्पीकरवर आमच्याच स्लेटची, म्हणजे रिकामी वेळ भरणाऱ्या त्या पाटीची, धून ऐकू आली. आठ सेकंदांची धून, संपली की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे जाहिरातींचा ब्रेक उघडला होता आणि मिटला नव्हता. हाताने रिटर्नचा क्यू, म्हणजे ‘कार्यक्रमावर परत’ हा संदेश, पाठवला. टीव्हीच्या बफरमध्ये साठलेलं संपायला वीसेक सेकंद लागतात, तेवढी गेली आणि ८ वाजून २५ मिनिटांनी साताऱ्यात मालिका परत आली. रडारड वाचली, पण कारण हातात नव्हतं.

घरागणिक वेगळी जाहिरात दाखवण्याची ही व्यवस्था अशी चालते. वाहिनीच्या मूळ प्रवाहात देशभराच्या जाहिराती असतातच. ब्रेकच्या आधी प्लेआउट एक छोटा संदेश सोडतं, एससीटीई ३५ नावाच्या मानकाप्रमाणे: अमुक क्षणी ब्रेक सुरू, तो इतका वेळ, मग आपोआप परत. हा संदेश किमान चार सेकंद आधी यावा असा दंडक आहे, आम्ही आठ सेकंद आधी सोडतो. पॅकेजर तो वाचून मॅनिफेस्टमधल्या, म्हणजे टीव्हीला मिळणाऱ्या तुकड्यांच्या यादीतल्या, त्या-त्या तुकड्यांवर ‘ब्रेक’ अशी खूण करतो. त्याच्या पुढचा स्टिचर, म्हणजे जाहिराती प्रवाहात जोडणारा सर्व्हर, प्रत्येक प्रेक्षकासाठी अ‍ॅड सर्व्हरला वेगळं विचारतो: १५० सेकंद भरायचे आहेत, टीव्ही आहे, भाषा मराठी, पिनकोड हा, संमती आहे. उत्तरात जाहिरातींची यादी येते आणि खूण केलेल्या तुकड्यांच्या जागी त्या जाहिरातींचे तुकडे बसतात. पुण्यात बिल्डर, कोल्हापुरात सराफ. जाहिरात कमी पडली तर उरलेल्या वेळात स्लेट.

पिनकोड खात्यातला घेतो, आयपी पत्त्यावरून काढत नाही. सांगलीतलं कनेक्शन पुष्कळदा मुंबईच्या गेटवेतून बाहेर पडतं आणि सांगलीकराला अंधेरीच्या फ्लॅटची जाहिरात दिसते. ज्याने संमती दिलेली नाही, त्याला स्टिचर हातच लावत नाही, मूळ प्रवाह जसाच्या तसा जातो. मुलांच्या वाहिनीवर तर हे सगळं बंदच ठेवलंय, कारण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं नववं कलम मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई करतं. तर त्या गुरुवारी संमती नाकारणाऱ्यांची मालिका बिनबोभाट चालू होती आणि ‘हो’ म्हणणारे धून ऐकत बसले होते.

पहिला संशय नेहमीच्या मंडळींवर. अ‍ॅड सर्व्हर वेळेत उत्तर देत नाही, कारण ब्रेकच्या क्षणी सगळ्या घरांच्या विनंत्या एकदम आदळतात. किंवा जाहिरातदाराने आयत्या वेळी फाइल दिली आणि ती आमच्या सगळ्या रिझोल्यूशनमध्ये बदलून तयार झालेली नाही. किंवा जाहिरात जोडायच्या जागी एन्कोडरने पूर्ण चौकट (फ्रेम) टाकलेली नाही, म्हणून टीव्ही पुढचं चित्र उलगडू शकत नाही. तिन्ही दुखणी आम्ही भोगलेली. पण यातलं काही असतं तर जाहिराती तरी बिघडल्या असत्या. इथे पाचही जाहिराती झकास चालल्या होत्या. पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशी प्रत्येक टप्प्याची पोच अ‍ॅड सर्व्हरला मिळाली होती. विक्री विभागाच्या पडद्यावर तो ब्रेक आठवड्यातला सर्वांत उत्तम ब्रेक दिसत होता. स्लेट चालताना कुठलीच पोच जात नाही, त्यामुळे पुढची सहा-सात मिनिटं त्यांच्या लेखी घडलीच नव्हती.

मग जुन्या तक्रारी चाळल्या. ‘जाहिरातीनंतर मालिका येत नाही’ अशा आणखी दोन सापडल्या, दोन्ही ‘प्रेक्षकाच्या नेटची अडचण’ म्हणून बंद केलेल्या. एक आदल्या आठवड्यातल्या सोमवारची, रात्री ९:४०. दुसरी रविवारची, सकाळी १०:१४. वेगळा वार, वेगळी वेळ, वेगळा कार्यक्रम, वेगळा ऑपरेटर. कागदावर अंतरं मांडली. सोमवार ते रविवार १३२ तास ३४ मिनिटं. रविवार ते गुरुवार १०६ तास ३ मिनिटं. दोहोंतला फरक २६ तास ३१ मिनिटं. आणि १३२:३४ म्हणजे मिनिटभराच्या फरकाने त्याची पाच पट, १०६:०३ म्हणजे चार पट.

प्रसारणात काम करणाऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटायला हवा. चित्राच्या प्रत्येक चौकटीवर ती कधी दाखवायची याचा शिक्का असतो, त्याला पीटीएस म्हणतात. हे घड्याळ सेकंदाला ९०,००० टिक मोजतं आणि ते ३३ बिटांचं असतं. म्हणजे ८,५८,९९,३४,५९२ टिकांनी ते भरतं आणि पुन्हा शून्यावर येतं. भागाकार केला की २६ तास ३० मिनिटं ४४ सेकंद. जुन्या स्कूटरचा मीटर फिरून शून्यावर यावा तसं. एन्कोडर मध्ये बंद झाला नाही तर हा क्षण रोज अडीच तास पुढे सरकत जातो. सोमवारी दुपारी पाऊण वाजता आला, तर मंगळवारी सव्वातीनला, बुधवारी पावणेसहाला, गुरुवारी रात्री सव्वाआठ उलटल्यावर.

प्रवाहाचं रेकॉर्डिंग फिरत्या डिस्कवर सहा तास राहतं, ते घेतलं. टीएसडक या प्रवाह तपासायच्या सॉफ्टवेअरने ब्रेकचे (स्प्लाइसचे) संदेश वेगळे काढले. (हे संदेश लॉगमध्ये बेस-६४ रूपात, म्हणजे अक्षरं-अंकांच्या सांकेतिक ओळीत, पडतात आणि बहुतेक ‘स्लॅश-डी-ए’ने सुरू होतात, डोळ्यांना सवय झाली की हजार ओळींतूनही ती ओळ उठून दिसते.) ८:१६:०५ च्या ब्रेकच्या संदेशात सुरुवातीचा शिक्का होता ८,५८,४०,८४,५९२. कालावधी १५० सेकंद, म्हणजे १,३५,००,००० टिक. पॅकेजरने बेरीज केली: ८,५९,७५,८४,५९२. हा शिक्का आला की ब्रेक मिटवायचा, असं त्याने स्वतःशी ठरवलं.

तो शिक्का येणारच नव्हता. ब्रेक सुरू झाल्यावर ६५ सेकंदांनी, ८:१७:१० ला, घड्याळ शून्यावर गेलं. मालिका परतायला हवी होती शिक्का ७६,५०,००० वर, म्हणजे शून्यानंतर ८५ सेकंदांनी. पॅकेजर तुलना करत राहिला, आलेला शिक्का आपल्या आकड्यापेक्षा लहान आहे असं दर वेळी ठरवत राहिला आणि प्रत्येक नव्या तुकड्यावर ‘ब्रेक चालू’ अशी खूण मारत राहिला. गंमत अशी की लिहिणाऱ्याने आकडा ६४ बिटांच्या ऐसपैस डब्यात ठेवला होता. त्यामुळे बेरीज कुठे सांडली नाही, कुठे एररची ओळ पडली नाही. बेरजेला ३३ बिटांची कात्री लावायची राहिली, एवढीच चूक.

रोज का होत नव्हतं, तेही यातच आलं. आपल्याकडे तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, वाहिनीच्या स्वतःच्या जाहिराती धरून. म्हणजे शून्याचा क्षण नेमका ब्रेकमध्ये सापडण्याची शक्यता फार तर पाचात एक. मधल्या दिवशी तो पहाटे येऊन गेला असेल तर बघायलाही कुणी नाही. आणि जिथे परतीचा वेगळा संदेश येतो, तिथे हा दोष असून नसल्यासारखा. आम्ही ‘आपोआप परत’वर विसंबलो होतो.

दुरुस्ती पुरवठादाराकडून येईपर्यंत दिवस काढायचे होते. पुढचा शून्याचा क्षण शुक्रवारी रात्री १०:४७:५४ ला. एन्कोडर रीस्टार्ट करून घड्याळ पुढेमागे करता येतं, पण प्राइमटाइमला एन्कोडर बंद करण्याचं धाडस मी तरी करत नाही. जाहिरातींचं वेळापत्रक लावणाऱ्या ट्रॅफिक विभागाकडे ब्रेक चार मिनिटं पुढे मागितला. "चार मिनिटं? दोन स्पॉट अकराच्या आत लागायचे ठरलेत," असं म्हणत त्यांनी यादी पुन्हा तपासली, पण दिला. शिवाय १०:४५ ते १०:५१ स्टिचर सरळ बायपास. रात्री १०:४८ ला साताऱ्याला पुन्हा फोन झाला. मालिका चालू होती.

सुधारित पॅकेजर सहा दिवसांनी आला. तो तपासायला २६ तास थांबणं मूर्खपणा, म्हणून चाचणीचा प्रवाह ८,५८,९०,००,००० या शिक्क्यापासून सुरू केला; घड्याळ १०.४ सेकंदांत शून्यावर जातं. ३० सेकंदांचा ब्रेक तीन प्रकारे लावला. शून्याच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपणारा, संदेश अलीकडे आणि सुरुवात पलीकडे असा, आणि सुरुवात थेट शून्यावर. पहिले दोन नीट पार पडले. तिसऱ्यात ब्रेक उघडलाच नाही, कारण ‘सुरुवात = ०’ याचा अर्थ सॉफ्टवेअरने ‘सुरुवात दिलेली नाही’ असा घेतला. असा योग प्रत्यक्षात कधी जुळेल देव जाणे, पण पॅकेजर परत पाठवला. सोबत आमच्या बाजूने दोन गोष्टी केल्या. प्रत्येक ब्रेकला परतीचा स्वतंत्र संदेश, आणि कुठलाही ब्रेक २४० सेकंदांच्या वर गेला की पॅकेजरने तो स्वतःहून मिटवायचा.

भिंतीचा प्रश्न मात्र यात सुटत नव्हता. पाचवं चित्र, म्हणजे स्टिचरमधून निघालेलं, आम्ही लावलंच नव्हतं आणि ते विसरल्यामुळे नव्हे. चोवीस तास चालणारा आमचा टीव्ही प्रत्येक जाहिरातीची पोच देत बसला तर जाहिरातदाराला त्याचे पैसे लागतात, म्हणून देखरेखीच्या प्लेअरला ‘जाहिरात नको’चं टोकन दिलेलं. हिशेबाला ते चोख होतं. पण त्यामुळे एकाही घरात दिसणारं चित्र आमच्यापर्यंत येत नव्हतं.

आता कोपऱ्यात दुकानातून आणलेला साधा ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे, साध्या ग्राहकाच्या खात्यावर, संमतीला ‘हो’ म्हटलेला. त्याचा डिव्हाइस क्रमांक महिन्याच्या बिलातून वजा होतो. खात्याला साताऱ्याचा पिनकोड घातलाय, त्यामुळे नवी मुंबईच्या वातानुकूलित खोलीत दिवसभर ठिबक सिंचनाच्या आणि ट्रॅक्टरच्या जाहिराती चालतात. त्या बंद पडून धून वाजायला लागली, की उठायचं.